भिंत वाळली, पण आतली वायर?

प्रश्न : मी, माझे मिस्टर, साडेतीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे आम्ही डोंबिवलीत एका जुन्या सोसायटीत भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार आहे. गेल्या महिन्यात वरच्या घरातल्या बाथरूमचा पाइप फुटला आणि रात्रभर पाणी आमच्या हॉलच्या स्लॅबमधून, पंख्याच्या दांडीवरून आणि भिंतीतल्या स्विचबोर्डातून गळत राहिलं. वरच्यांनी प्लंबर आणून पाइप बदलला. पण तेव्हापासून आमच्याकडे मेनजवळचा मोठा स्विच सारखा पडायला लागला. हॉलची सगळी बटणं बंद ठेवली तरी पडायचा. मालक नाशिकला असतात. त्यांनी ओळखीचा इलेक्ट्रिशियन पाठवला. तो म्हणाला, ‘हा ट्रिपरच खराब झालाय, डायरेक्ट करून देतो.’ त्यानंतर लाइट गेलेली नाही. मात्र आता बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, गिझरचं बटण बंद असलं तरी. मिस्टर म्हणतात, चप्पल घालून जात जा. मालक म्हणतात, भिंत वाळली की आपोआप थांबेल. भिंत तर आता हाताला कोरडी लागते. हे धोक्याचं आहे का? खर्च कुणी करायचा? फार मागे लागलो तर घर खाली करायला सांगतील, अशी भीती वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, खर्चाचं आणि मालकांचं सगळं सविस्तर सांगते, पण त्याआधी एक काम करा. हात कोरडे पुसा, पायात रबरी चप्पल घाला, कोरड्या फरशीवर उभ्या राहा आणि घराचा मेन बंद करा. आत्ता. मेनच्या डब्यातून घर्रघर्र आवाज येत असेल, जळका वास असेल, झाकण गरम लागत असेल किंवा त्याच्यावरून पाणी ओघळल्याची खूण असेल, तर त्याला हात लावू नका. तळमजल्यावर मीटर बसवलेत तिथे तुमच्या मीटरशेजारी तुमच्या घराचा वेगळा मेन असतो, तो बंद करायचा. तिथेही ओल असेल किंवा मेन कुठला ते कळत नसेल, तर महावितरणच्या १९१२ वर फोन करा आणि ‘घरात नळाला करंट येतोय’ या शब्दांत सांगा. ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलंत तर तक्रार साध्या रांगेत जाऊ शकते.

घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि त्याची पिन काढा. मेन बंद केला की सगळं घर मेलं असं आपण धरून चालतो, पण इन्व्हर्टर त्याच क्षणी बॅटरीवर चालू होतो आणि हॉलच्या पंख्या-दिव्यांच्या त्याच ओल्या वायरांत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. गळतीनंतर मेन बंद करून निर्धास्तपणे बोर्ड उघडणाऱ्या माणसाला इथेच दगा होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, धोक्याचं आहे, आणि जितकं तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त. पंखा नसताना मुलीला आणि सासूबाईंना घेऊन रात्र काढणं किती कठीण आहे ते मला कळतं. शेजारी, माहेरी, कुठेही एक-दोन रात्री सोय होत असेल तर करा. नसेल होत, तर चांगला माणूस मिळाल्यावर तो त्याच दिवशी घराचा कोरडा भाग वेगळा करून चालू करून देऊ शकतो, ते कसं ते पुढे सांगते.

आधी त्या ‘ट्रिपर’बद्दल, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ तिथे आहे. तुमच्या डब्यात दोन प्रकारचे स्विच असतात. बारीक बारीक ओळीने बसवलेल्या एमसीबी, त्यांच्यावर ६, १०, १६, २० असे आकडे लिहिलेले असतात. त्यांचं काम वायर वाचवण्याचं. वायरीतून तिच्या ताकदीबाहेर करंट गेला किंवा शॉर्ट झालं, की त्या पडतात. माणसाला वाचवण्यासाठी त्या बनवलेल्याच नाहीत. दुसरा मोठा, दोन वायरांचा, ज्याच्यावर ‘टी’ अक्षर लिहिलेलं एक छोटं बटण असतं, तो आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात, तुमचा इलेक्ट्रिशियन ट्रिपर म्हणाला. तो फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून, किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, किती परत आला एवढाच हिशेब ठेवतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्याचा अर्थ एकच : करंट भलत्याच वाटेने कुठेतरी चाललाय. भिंतीतून, नळातून किंवा माणसाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा फरक पडायच्या आत, क्षणाच्या एका अंशात, सगळं तोडतो.

हा आकडा किती छोटा आहे ते बघा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण २६० मिलीअँपिअर घेतो. ओल्या अंगाचा विरोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत खाली येतो, म्हणजे २३० व्होल्टवर ओल्या माणसातून दीडशे-दोनशे मिलीअँपिअर सहज जाऊ शकतात. दहाच्या आसपास गेले तरी बोटं आवळली जातात आणि हात सुटत नाही. छातीतून तीस-पन्नास काही क्षण गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि तुमची १० अँपिअरची एमसीबी? तिच्या दृष्टीने दहा हजार मिलीअँपिअरच्या आत सगळं सुरळीतच चाललंय. माणूस चिकटून राहिला तरी ती ढिम्म हलणार नाही.

म्हणून ‘डायरेक्ट’ हा शब्द वाचून मला धस्स झालं. त्या रात्रीनंतर आरसीसीबी सारखा पडत होता, कारण तो शाबूत होता. घरात गळणारा करंट त्याला दिसत होता. त्याला बाजूला काढल्यावर लाइट जायची थांबली, गळणारा करंट थांबला नाही. तो आता तुमच्या नळावर येऊन उभा आहे. त्या कारागिराच्या मनात वाईट काही नसेल. मालकांनी पाठवलंय, बाई वैतागल्यात, लाइट टिकली की काम झालं, असा त्याचा साधा हिशेब. पण हे काम कुणीही केलेलं असो, ते उलटवल्याशिवाय घराचा मेन चालू करू नका.

‘हॉलची सगळी बटणं बंद ठेवली तरी पडायचा’ हे तुमचं वाक्य फार मोलाचं आहे. बहुतेकांना इथे वाटतं की बटणं बंद असूनही पडतोय म्हणजे ट्रिपरच बिघडलाय. बहुधा त्या कारागिरालाही तसंच वाटलं. पण भिंतीवरचं बटण आणि बऱ्याच घरांतली एका वायरीची एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलीच राहते. ओल्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ओलाव्यातून अर्थच्या (गळणारा करंट जमिनीत नेणाऱ्या) वायरीला किंवा लोखंडी डब्याला भिडला, की तिकडे स्वयंपाकघरात फ्रिज चालू असला तरी त्याचा परतीचा करंट थोडासा या वाटेने निसटतो आणि आरसीसीबी पडतो. त्यामुळे दोष शोधताना हॉलच्या लाइनचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही डब्यातून सोडवावे लागतात. ते सोडवले आणि आरसीसीबी टिकला, तर दोष हॉलच्या लाइनमध्ये आहे हे कळलं, आणि बाकीचं घर त्याच दिवशी आरसीसीबीच्या संरक्षणाखाली चालू करता येतं. एकच अट : बाथरूमचा करंट कुठून येतो ते शोधून तो निकालात काढायचा आणि अर्थिंग तपासून घ्यायचं. मघाशी म्हणाले ती सोय हीच.

आता नळ. गिझरचं बटण बंद असताना झिणझिण्या येतात हे वाचून माझा पहिला संशय गिझरवर जात नाही, अर्थिंगवर जातो. घरातल्या सगळ्या तीन पिनांच्या सॉकेटांची हिरवी अर्थची वायर शेवटी एकत्र येऊन खाली इमारतीच्या अर्थ पिटला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या जोडणीच्या खड्ड्याला, जाते. गिझरची बॉडी, फ्रिजची बॉडी, वॉशिंग मशीन, हॉलच्या बोर्डातला लोखंडी डबा, सगळं या एका वायरीला बांधलेलं. ती खाली नीट पोचलेली असेल तर गळणारा करंट जमिनीत निघून जातो. पण जुन्या इमारतींत ती मध्येच कुठेतरी तुटलेली, गंजलेली असते. काही घरांत पूर्वी अर्थची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची, मग पाइप बदलून प्लास्टिकचे आले आणि अर्थिंग कुणाच्या लक्षातही न येता संपलं. अशा घरात हॉलमधल्या ओल्या बोर्डातून अर्थच्या वायरीत शिरलेला करंट बाहेर जाऊ शकत नाही आणि त्या वायरीला बांधलेली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत करून ठेवतो. गिझरचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थची पिन तशीच राहते, आणि गिझरच्या बॉडीतून पाइपावाटे करंट नळापर्यंत येतो. म्हणून बटण बंद, तरी नळाला करंट. तसं असेल तर फ्रिजच्या दांड्यालाही तुम्हाला कधीतरी बारीक चुणचुण जाणवली असेल. हात लावून बघायला जाऊ नका, आठवून बघा.

दुसरी शक्यता, वरून आलेलं पाणी बाथरूमच्या भिंतीतल्या वायरीपर्यंतही पोचलं असेल. तिसरी, गिझरची कॉइल फुटलेली असेल आणि त्याच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, मग बटण बंद केलं तरी फेज आत राहतोच. घरी येऊन मीटर लावल्याशिवाय यातलं कुठलं ते ठरणार नाही. तोवर त्या बाथरूममध्ये नळ, शॉवर, ओली भिंत, काहीही नको. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. मेन बंद केल्यावर गिझरची पिनही सॉकेटातून काढून ठेवा.

मिस्टरांचा चपलेचा उपाय मनापासून आलाय, पण बाथरूममध्ये चप्पल दोन मिनिटांत ओली होते आणि ओल्या चपलेचा भरवसा धरता येत नाही. शिवाय एक हात नळावर आणि दुसरा टेकवलेला भिंतीवर किंवा बादलीच्या कडीवर असला, तर करंटला पायाकडे जायची गरजच उरत नाही. तो छातीतूनच जातो. साडेतीन वर्षांची मुलगी चप्पल घालायची विसरणार, आणि ‘मला इथे गुदगुल्या होतात’ म्हणून पुन्हा पुन्हा हात लावणार.

मालकांचं म्हणणं : भिंत वाळली की थांबेल. भिंतीचा प्लास्टर बाहेरून आधी वाळतो, हाताला आठवड्याभरात कोरडा लागतो. तुमच्याकडे मात्र पाणी पृष्ठभागावरून आलेलं नाही. ते स्लॅबमधल्या पंख्याच्या डब्यात शिरलं, तिथून वायरांच्या पाइपमध्ये, आणि पाइपमधून उताराने बोर्डात. हे पाइप प्लास्टिकचे, स्लॅबच्या आणि भिंतीच्या पोटात गाडलेले. त्यांत जिथे खोलगट वळण असेल तिथे पाणी साचून राहतं, हवा लागत नाही, ऊन लागत नाही. कितीतरी आठवडे राहू शकतं. वायरीवरचं प्लास्टिकचं आवरण तसं पाण्याला दाद देत नाही. घात होतो जोडांवर. जुन्या घरांत डब्यांमध्ये वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते, तिचा गोंद सुटतो आणि पाणी थेट तांब्यापर्यंत जातं.

बोर्डाची पट्टी इलेक्ट्रिशियन उघडेल तेव्हा तुम्ही मागे उभं राहून बघाच. स्विचच्या मागच्या पितळी स्क्रूंवर हिरवट-पांढरी भुकटी दिसेल, डब्याच्या तळाशी गंजाची आणि चुन्याची एक रेघ असेल, जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथपर्यंत. ती भुकटी म्हणजे वाळलेलं पाणी मागे सोडून गेलेले क्षार. कोरड्या दिवसांत ते गप्प असतात. पावसाळ्यात हवेत दमटपणा आला की तेच ओल धरतात आणि दोन स्क्रूंच्या मधून करंटला वाट करून देतात. बोर्ड भिजला होता फेब्रुवारीत आणि करंट बसला जुलैत, असं होतं ते यामुळे. म्हणून भिजलेले स्विच, सॉकेट, रेग्युलेटर पुसून, हेअर ड्रायरने वाळवून परत लावायचे नाहीत. बदलायचे. एका बोर्डाचं सामान फार महाग नसतं. डब्यातल्या एमसीबी किंवा आरसीसीबीवर पाणी पडलं असेल तर त्याही नव्याच.

इलेक्ट्रिशियन कुणाला बोलवायचं? सरकारी परवाना असलेला विद्युत ठेकेदार किंवा त्याच्याकडचा परवानाधारक वायरमन. परवाना क्रमांक मागायला संकोच करू नका, ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो. फोनवरच विचारा : ‘तुमच्याकडे मेगर आहे का?’ या प्रश्नावर जो ‘टेस्टरने बघून सांगतो’ म्हणेल त्याला येऊ देऊ नका. टेस्टरचा दिवा ओल्या भिंतीवर उगाचच मिणमिणतो, आणि खरा करंट असताना कधी लागतही नाही, त्यामुळे त्याच्यावरून ‘सुरक्षित आहे’ असं कुणी ठरवायचं नसतं.

मेगर म्हणजे वायरीच्या आवरणातून किती गळती होते ते मोजायचं यंत्र. मेन बंद करून, सगळी उपकरणं, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून घेऊन (नाहीतर ते जळतात) वायरीवर ५०० व्होल्टचा डीसी दाब देतात आणि फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ असा विरोध मोजतात. तो निदान १ मेगओहम हवा. चांगल्या कोरड्या वायरिंगचा आकडा त्याच्या कितीतरी पट निघतो. भिजलेल्या लाइनवर ०.१, ०.०५ असं काहीतरी दिसतं. प्रत्येक लाइनचा आकडा तारखेसह कागदावर लिहून त्याच्याकडून सही घ्या. हाच कागद उद्या मालकांशी बोलताना तुमच्या हातातला पुरावा.

हॉलच्या लाइनचा आकडा १ मेगओहमच्या खाली आला तर ती लाइन चालू करायचीच नाही. जुन्या वायरी ओढून काढायच्या, पाइपमधलं पाणी हवा मारून काढायचं, त्याच पाइपमधून नवी वायर टाकायची, मध्ये जोड ठेवायचे नाहीत. एका खोलीचं हे काम साधारण दिवसभराचं. पाइपच बुजला असेल तर भिंत फोडण्यापेक्षा बाहेरून पट्टी फिटिंग करून घेणं बरं. दिसायला तितकं चांगलं नाही, पण पुढच्या गळतीत निदान डोळ्यांसमोर राहतं. पंखा उतरवून त्याचंही वाइंडिंग तपासा. आणि त्यासाठी शिडीवर चढलेल्या माणसाला पंख्याचा हूक नीट बघायला सांगा. तिथून रात्रभर पाणी उतरलंय. आधीपासून झिरपत असेल तर हूक गंजलेला असेल, आणि पंख्याखाली मुलगी खेळते.

अर्थिंग तपासून घेणं आणि आरसीसीबी पुन्हा बसवणं, हे कामाच्या यादीत सगळ्यात वर. जुना आरसीसीबी भिजलेला नसेल आणि चाचणीत पास झाला तर तोच चालेल, नाहीतर ३० मिलीअँपिअरचा, आयएसआय छापाचा नवा. दोन-तीन हजार रुपयांच्या घरात येतो. अर्थिंग दुरुस्त व्हायला इमारतीत वेळ लागणार असेल तरी आरसीसीबी लावाच. अर्थिंग नसतानाही, माणसाला करंट बसला तर तो पडतो. एवढं मात्र लक्षात असू द्या, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर त्याचा हिशेब जुळतो आणि तो पडत नाही.

घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंनाही, आज एक गोष्ट सांगून ठेवा. कुणाला करंट लागून चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन त्याला धरायचं नाही. आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकलायचं, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. शुद्ध नसेल, श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने दाबत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. करंट बसून माणूस उठून बसला तरी छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची खूण असेल, किंवा लहान मूल, गरोदर बाई असेल, तर दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यायचा.

आता पैसे. यात तीन पक्ष आहेत. पाणी वरच्या घरातल्या बाथरूममधून आलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घराच्या आतल्या बाथरूम-सिंकमुळे झालेली गळती संबंधित सदस्यांनी. म्हणजे वरचे सदस्य आणि तुमचे मालक. तुम्ही सोसायटीच्या सदस्य नाही, त्यामुळे भरपाईचा पत्रव्यवहार मालकांच्या नावानेच व्हायला हवा. सुरक्षेची तक्रार मात्र राहणारी म्हणून तुम्ही सेक्रेटरींना स्वतः लेखी देऊ शकता, आणि द्या. इमारतीचं सामाईक अर्थिंग ही सोसायटीची जबाबदारी, ते तुटलेलं असेल तर धोका फक्त तुमच्या घरापुरता नाही. आणि इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. स्लॅबमधून रात्रभर पाणी गेल्यावर तो विषय काढायला तुम्हाला पुरेसं कारण आहे.

मालकांच्या बाबतीत एक बारकावा समजून घ्या, कारण इथे अर्धवट माहितीवर लोक चूक करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलीय. त्याने केलं नाही तर निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे भाडेकरूंसाठी. अकरा महिन्यांचा करार बहुतेक वेळा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असतो आणि त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू धरला जात नाही, मालकाच्या परवानगीने राहणारा परवानाधारक असतो. तेव्हा या कलमाच्या भरवशावर परस्पर भाडं कापू नका. तुमचा करार काढून दुरुस्तीचं कलम वाचा. किरकोळ, रोजची दुरुस्ती राहणाऱ्याने आणि मोठी दुरुस्ती मालकाने, असं बहुधा लिहिलेलं असतं. भिंतीतलं वायरिंग आणि अर्थिंग यांना किरकोळ म्हणणं कुणालाही जड जाईल. करार नोंदणी केलेला आहे का तेही बघा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

भांडायची गरज पडणार नाही अशी मला आशा आहे. आतापर्यंत सगळं फोनवर झालेलं दिसतंय. ‘करंट येतो’ हे मालकांच्या कानापर्यंत ‘लाइटचा काहीतरी त्रास आहे’ एवढंच पोचलं असणार. त्यांना आज लिहून पाठवा. मजकूर असा ठेवा :

‘नमस्कार काका. अमुक तारखेला वरच्या घरातून गळती होऊन हॉलचा पंखा आणि बोर्ड भिजला. तेव्हापासून आरसीसीबी पडत होता. आपण पाठवलेल्या इलेक्ट्रिशियनने तो काढून जोडणी डायरेक्ट केली आहे. आता बाथरूमच्या नळाला करंट लागतो. घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस असल्याने आज मेन बंद केला आहे. परवानाधारक ठेकेदाराकडून मेगर चाचणी, अर्थिंगची तपासणी, आरसीसीबी पुन्हा बसवणे आणि भिजलेली लाइन बदलणे ही कामं तातडीने करावी लागतील. आपण माणूस पाठवता की मी बोलावून बिल पाठवू? बिल भाड्यातून वळतं करायला आपली हरकत नाही, एवढं इथेच लिहून कळवावं. वरच्या सदस्यांकडून भरपाईसाठी आपण सोसायटीला पत्र दिलंत तर मेगरचा रिपोर्ट मी देते. फोटो सोबत पाठवते आहे.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. मालकांनाही हा खर्च वरच्यांकडून वसूल करता येण्याजोगा आहे, आणि त्यासाठी लागणारा कागद तुम्ही त्यांना देताय, हे दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो. घर खाली करायला सांगतील ही भीती मी हलक्यात घेत नाही. शाळा, नोकरी, डिपॉझिट, पुन्हा ब्रोकर, हे सगळं माहीत आहे मला. तरीही नळाला करंट असलेल्या घरात मालकांना वाईट वाटू नये म्हणून राहायचं, हा सल्ला मी कुणालाही देऊ शकणार नाही. उत्तर आलं नाही किंवा ‘बघू’ असं आलं, तर तपासणी आणि आरसीसीबी एवढं तरी स्वतःच्या खर्चाने आजच करून घ्या आणि बिल जपून ठेवा. नव्या वायरींचा वाद नंतर घालता येईल, हॉलची लाइन सोडवून ठेवून तेवढे दिवस टेबल फॅनवर काढता येतील.

काम झाल्यावर मालक रंगाऱ्याला पाठवायची घाई करतील, पोपडे आलेली भिंत कुणालाच बघवत नाही. पुट्टी आणि रंग थांबवा. वर ऑइल पेंट बसला की आतली ओल आणखी कोंडते. पंधरा-वीस दिवसांनी त्याच माणसाकडून दुसऱ्यांदा मेगर लावून घ्या. आकडा पहिल्यापेक्षा वर गेलेला असेल तर रंगाऱ्याला या म्हणा. खाली आला असेल तर वरचा पाइप पुन्हा झिरपतोय असं समजून आधी प्लंबरला वर पाठवा. दर महिन्याला आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून बघायचं काम मिस्टरांकडे द्या. दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदलायचा.

तपासणीत काय निघालं ते मला नक्की कळवा. मेगरचे आकडे लाइनवार लिहा, आणि डब्याचं झाकण काढलेला फोटो पाठवायचा असेल तर तो इलेक्ट्रिशियनलाच काढायला सांगा.